बंद खातं

लखनौच्या त्या संशोधन संस्थेत शंभर कॉम्प्युटरांवर कोणाचं गणित आधी चालवायचं, याचे नियम सुनीती लावायची. नगरकर सर गेल्या आठवड्यात वारले आणि त्यांचं खातं बंद झालं. त्यांचं शेवटचं गणित मात्र अजून रांगेत होतं. बंद खात्यांची गणितं रांगेतून काढून टाकायची, या नव्या नियमानं तेही आज निघणार होतं.

सरांची विद्यार्थिनी वेदिका स्वतःच्या प्रबंधाच्या गणितासाठी बारा दिवस खोळंबली होती. सकाळपासून ती चौथ्यांदा दारात आली.

"मॅडम, सरांचं काढलंत?"

सुनीतीला तिचा रागच आला. "काढतेय. संध्याकाळी तुझा नंबर लागेल."

वेदिका जागची हलेना.

"नका ना काढू, मॅडम. मेरा हटा दीजिए. सरांचं माझ्या नावावर चालवा."