साखरेनं काढलेलं नाव

"सगळ्यांची नावं काढ हं ठमे. आपलं एकही माणूस राहता कामा नये," असं म्हणत आजीनं आयसिंगचा कोन नातीच्या हातात दिला.

ओट्यावर बिस्किटांचा पहिला ट्रे निवत होता. साच्यानं कापलेली माणसं होती ती: गोल डोकी, आखूड हात, फताडे पाय. दुसरा ट्रे ओव्हनमध्ये होता आणि सून, ठमीची आई, त्याच्यापुढे वाकून राखण करत होती. आजोबा आतल्या खोलीत दुपारची डुलकी काढत होते. आजी देवाचं गाणं गुणगुणत तिसऱ्या ट्रेचं पीठ लाटत होती. सुट्ट्या लागलेल्या, ठमी नुकती लिहायला शिकलेली, त्यामुळे तिचा उत्साह नुसता उतू चालला होता.

"माझ्या पोटावर काय लिहिलंयस गं? 'अजी'? माझा काना कुठे गेला?"

"घसरला," ठमी म्हणाली. "तुझं पोट अजून गरम आहे."

सून खळखळून हसली. आजीही हसली.

आई झाली, बाबा झाले. आजोबांना तर मिशासुद्धा मिळाल्या. मग ठमीनं ट्रेमधलं सगळ्यांत मोठं बिस्किट पुढे ओढलं आणि जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढलं. आजी कौतुकानं वाकली.

दादूकाका.

लाटणं आजीच्या हातून सुटलं आणि ओट्यावरून गडगडत खाली गेलं. ते उचलायचं कुणाला सुचलं नाही.

दादू म्हणजे आजीचा थोरला. ठमीच्या जन्माआधी बापलेकांत बिनसलं, तो घर सोडून गेला आणि 'या घरात पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही' असं आजोबांनी बजावलं. घरानं ते पाळलं. आजीनं सगळ्यांत जास्त पाळलं. देवापुढे हात जोडले की तेवढी ती ते नाव घेई, तेही ओठ मिटून.

आजीनं सुनेकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"नाही हो आई! देवाशपथ नाही." सुनेच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ठमे, मग तुला कुणी सांगितलं हे नाव?"

"काकानंच." आणि ठमीनं झटकन दोन्ही हातांनी तोंड दाबलं. गालांवर साखरेची बोटं उमटली. क्षणभर विचार करून तिनं आपणच आपली समजूत घातली. "आजोबा म्हणाले होते, घरी काकाचं नाव काढायचं नाही. पण मी कुठे बोलून काढलं? साखरेनं काढलंय. आणि तूच म्हणालीस ना, सगळ्यांची नावं काढ?"

"आजोबा म्हणाले?"

"बागेत. आम्ही फिरायला जातो ना, तेव्हा काका असतो तिथे. झोपाळ्याला काय उंच झोका देतो! पण त्याची दाढी टोचते."

आजीनं स्टुलासाठी मागे हात नेला. सुनेनं ते सरकवलं म्हणून बरं. फिरून आलेला माणूस रोज चहा मागायचा आणि ती द्यायची. त्याचा कोट झटकून खुंटीला लावायची. त्या कोटाला लेकाचा हात लागून आलेला असायचा, आणि ती झटकत होती.

"दाढी ठेवलीय त्यानं?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"हो. थोडी पांढरी पण आहे."

"माझं विचारतो का गं कधी?"

"रोजच. पण आजोबा म्हणतात, नको विचारूस. तिचा राग अजून गेला नाही, तुझं नाव काढलं की ती जेवणावरून उठून जाते." ठमीनं कोन खाली ठेवला आणि अगदी काळजीनं विचारलं, "तू का गं उठतेस आजी? काका किती चांगला आहे."

ओव्हनची घंटी वाजली. सून जागची हलली नाही. आजी आ वासून बसली होती. लेक गेला हे तिनं देवाची मर्जी म्हणून सोसलं होतं. पण तिकडे त्या लेकाला रोज सांगितलं जात होतं की आईला तो नकोय, हे तिला ठाऊक नव्हतं. देवालाच काय ते ठाऊक असेल.

आतून खोकला ऐकू आला. आजोबा कोट चढवतच बाहेर आले.

"काय वास सुटलाय! चला ठमाबाई, निघायचं ना? एखादं बिस्किट घ्या वाटेत खायला, मोठंसं..."

मोठं बिस्किट ओट्याच्या कडेलाच होतं. त्यांनी वाचलं. एक हात बाहीत अर्धाच राहिला.



आजी उठली. एप्रन सोडायचंही तिला भान नव्हतं. तिनं दाराशी ठमीचे बूट पुढे सरकवले आणि स्वतःचे पाय चपलांत सारले.

"चल. कुठे बसतो तो, मला दाखव."

"अगं, थांब! असं एकदम जाऊ नकोस," आजोबा घाबऱ्याघुबऱ्या म्हणाले. "त्याला वाटतं... म्हणजे, आधी मी बोलतो ना त्याच्याशी."

"बोललात की," आजी म्हणाली. "माझ्या वाटचंसुद्धा तुम्हीच बोललात."

तिनं ठमीचा हात धरला आणि जिना उतरायला लागली. एप्रनवरचं पीठ पायरीपायरीवर सांडत होतं. कोण कुणाला उतरवतंय, ते वरून काही कळत नव्हतं.