हौसाचा फोन

"अवं, ऐकताय न्हवं? यंदा कढईचं बटण दाबा. ठरलं का?"

हौसा जाऊन वर्ष झालं होतं. पण प्रचाराचे फोन आता घरच्या गेलेल्या माणसाच्याच, यंत्रानं बनवलेल्या आवाजात येत.

"अजून न्हाई ठरलं," दत्तोबा रोज बायकोच्या आवाजाला सांगत.

सून वैतागली. "अण्णा, ठरलं म्हणा की. फोन बंद होतील."

"म्हणून तर म्हणत न्हाई, पोरी."

मतदानादिवशी सकाळी पुन्हा फोन आला. "आज तरी ठरलं का?"

दत्तोबांनी फोन कानाशी घट्ट धरला. "ठरलं गं. आवाज हौसाचाच हाय तुझा. पण कढईवाल्यांना तिनं जन्मभर शिव्या घातल्या. त्यांना मत दिलं, तर वर गेल्यावर ती मला दारात उभं करायची न्हाई."

फोन बंद झाला. दत्तोबा टोपी घालून मतदानाला निघाले.