नामदिनाची भेट

त्स्वेत्नित्सा म्हणजे बल्गेरियात फुलांची नावं असलेल्या माणसांचा नामदिन. त्या सकाळी नेवेनाला पहिली शुभेच्छा आली ती जुगाराच्या ॲपकडून: "प्रिय नेवेना, तुमच्यासाठी वीस डाव फुकट." आली मात्र नवऱ्याच्या फोनवर.

गेल्या वर्षी नवऱ्यानं, ग्रोझ्दाननं, सरकारच्या जुगारबंदीच्या यादीत स्वतःहून नाव घातलं, तेव्हा अख्ख्या भावकीनं त्याच्या कौतुकात राकिया रिचवली होती. गाडी तोवर गेलीच होती, राहतं घर तेवढं उरलं होतं.

"बंदी माझ्या नावावर आहे, तुझ्या नाही. खातं तुझ्या ओळखपत्रावर उघडलंय," बनित्साचा तुकडा तोंडात टाकत तो म्हणाला. "तक्रार कर हवी तर. चार दिवसांत दुसरं नाव शोधीन."

सोमवारी नेवेना त्या यादीच्या कचेरीत जाऊन बसली.

"नवऱ्याचं नाव घालायला आल्या असाल तर जमणार नाही हं बाई," कारकून म्हणाला. "ज्याचं त्यानंच घालायचं असतं."

"माझंच घालायचंय."

"तुम्ही खेळता?"

"कधीच नाही. हरते मात्र रोज."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "दोन वर्षं नाव निघत नाही. नंतर रडत याल. घरी विचारलंय का?"

"घरचं माणूस बरोबरच आणलंय," नेवेना म्हणाली आणि सही करून उठली.



मग सासूबाईंसाठी खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "बसा आई. तो तुमचं ओळखपत्र मागायला यायच्या आत तुम्हीही सही करून टाका."