पूर्ण नाव

अफगाण दुभाषी टेडी याला ब्रिटनमध्ये आसरा मिळावा म्हणून निवृत्त कॅप्टन ह्यू पेनरोजनं चार पानी पत्र लिहिलं होतं. सुरुंगावर पाय पडणार, तेवढ्यात टेडीनं त्याला कसं मागं ओढलं, तेही त्यात होतं. आज मंत्रालयातल्या बाईंचा फोन आला.

"पत्र वाचून डोळे पाणावले हो, कॅप्टन. फक्त त्यांचं पूर्ण नाव तेवढं सांगा."

"टेडी."

"ते तुम्ही लोकांनी ठेवलेलं. आईबापांनी ठेवलेलं सांगा. त्याशिवाय यादीत शोधू कसं?"

टेडीचा फोन महिनाभर बंद होता. पहिल्या दिवशी त्यानं आपलं नाव दोनदा सांगितलं होतं. "जीभ वळत नाही बाबा, तू आपला टेडी," असं म्हणून हसणारा ह्यूच होता. पुढं चौदा महिने तो बिचारा त्याच हाकेला ओ देत राहिला.

"आठवून कळवतो," एवढंच कसंबसं बोलून ह्यूनं फोन ठेवला.

मुलाच्या नामकरणाला चर्चमध्ये त्यानं छाती फुगवून सांगितलं होतं, "ज्यानं मला जिवंत घरी पाठवलं, त्याचंच नाव लेकाला ठेवतोय."

स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली, "टेडी, जेवायला ये रे!"