हातगुण

पडद्यावरची अपडेटची निळी पट्टी अर्ध्याच्या पुढे सरकली आणि देवानंद सरांचा चेहरा उतरला. खरं तर त्यांनी खूश व्हायला हवं होतं.

गेले तीन आठवडे आलापल्लीच्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या तीन नंबरच्या मशीननं त्यांचा जीव खाल्ला होता. एरवी पत्र टाइप करा, तक्ता भरा, बिचारी निमूट चालायची. नव्या अपडेटची सीडी घातली की मात्र पट्टी अर्ध्यावर यायची आणि तिथंच थिजायची. सरांनी सीडी शर्टाला पुसून पाहिली, दुसरी आणून पाहिली, सगळं पुसून पहिल्यापासून भरलं. मशीन उघडायची तेवढी राहिली होती, कारण आतली रॅम त्यांनी स्वतः बसवली होती, एका बंद पडलेल्या मशीनमधून काढून. आपल्याच हातचं काम कोण तपासत बसतो?

आज सकाळी त्यांनी ती रॅम काढून सहज पाच नंबरला लावून पाहिली. पाच नंबर थिजली. तीन नंबरला दुसरी लावली, तर ती सुरळीत चालू लागली. एवढं साधं होतं ते.

आणि सरांना आठवली सोमारी. क्लास चालू असताना दोनदा अपडेट थिजलं, तेव्हा दोन्ही वेळा की-बोर्डवर तीच होती, बारावी होऊन जंगलातल्या गावाहून रोज एसटीनं येणारी अबोल मुलगी. सर वैतागून भर क्लासमध्ये म्हणाले होते, "तुह्या हातालेच काही आहे बाई. तू हात नको लावू, नुसती पाह्यत जा." पोरं हसली होती. सरही हसले होते. तेव्हापासून सोमारी मागच्या बाकड्यावर बसून नुसती पाहत होती, आणि परीक्षा सोमवारी होती.

दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला. सोमारीच आली होती, सगळ्यांच्या आधी.

"सर, परीक्षेतून माहं नाव काढून टाका," ती उंबऱ्यातूनच म्हणाली.

क्लास भरला की सगळ्यांसमोर कबूल करायचं, असं सरांनी घटकाभरापूर्वीच ठरवलं होतं. पण ती एकटी सापडली तसं त्यांना हायसं वाटलं. चारचौघांत बोललेलं चोरून परत घ्यायला निघालो आपण, हे त्यांना कळत होतं. तरी ते बोलून गेले.

"अगं, मशीनच खराब होती."

सोमारी उंबऱ्यातच उभी होती.

"म्हणजे रॅम. मीच लावली होती ती," सर म्हणाले. "तुहा काही दोष नोहता."

पडद्यावर पट्टी पूर्ण भरली. एंटर दाबा, अशी सूचना आली. सरांनी खुर्ची मागे ओढली. "बस इथी. तूच मार एंटर."

सोमारी जवळ आली, पण बसली नाही. दोन्ही हात तिनं ओढणीखाली घेतले. "तुमीच मारा सर."

"काऊन? ते मी मजाकमध्ये बोललो होतो."

"डिंपलनं घरी सांगितलं," ती म्हणाली. डिंपल तिच्याच गावची, याच क्लासमधली. "आई म्हणे, एवढा शिकलेला मास्तर सांगून राह्यला, त उगाच सांगन का? या साली मले धानाच्या रोवण्यात घेतलं नाई. पऱ्ह्याच्या रोपाले हात नको लावू म्हणे. साऱ्या बाया बांधीतल्या चिखलात रोपं लावत होत्या आन मी कडेले धुऱ्यावर बसून त्यायची लेकरं सांभाळली."

सर खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. पोरांसमोर केलेली एक थट्टा गावाच्या शेतापर्यंत जाऊन पोचली होती, आणि तिथून ती परत आणणं त्यांच्या हातात नव्हतं. मान वर करून त्या मुलीकडे बघायची त्यांना लाज वाटत होती.

"मी येतो तुह्या घरी," ते म्हणाले. "आजच्याच गाडीनं. चूक माही होती, असं तुह्या आईले सांगतो. साऱ्या बायांसमोर सांगतो."

सोमारीनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर सरांना जरा बरं वाटलं असतं.

"या न सर," ती म्हणाली. "पण रोवणा त सरला."