गोदामावशींची काळी पूड

ऋतुराज सरांनी काळ्या पुडीची बरणी उघडली. बरणी रिकामी! तरी धीर करून त्यांनी उदबत्तीचा निखारा तसाच नळीत धरला. पेटतो कसला!

"सर, कधी पेटणार?" पहिल्या बाकावरच्या क्षिप्राने विचारलं. वर्ग खुसखुसला. मागे बसलेल्या मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. याच तासावर सरांची नोकरी कायम व्हायची होती.

दाराशी उभ्या गोदामावशींना सगळं ठाऊक होतं. ठाकुर्लीच्या या शाळेच्या प्रयोगशाळेत नळ्या धुण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली, आणि आज शेवटचा दिवस. नळीतलं पेरॉक्साइड एकटं ठेवलं तर त्यातला ऑक्सिजन सुटायला महिने लागतात. चिमूटभर काळी पूड पडली की लगेच फसफसतं.

काल सरावाला मावशींनीच बरणीतली शेवटची पूड काढून दिली होती. सराव झाल्यावर मावशी तीच पूड गाळायला बसल्या, तर सर म्हणाले होते, "वापरून झाली ना मावशी? मग कचरा कशाला जपताय? फेका."

मावशींना ते फार लागलं होतं. फेकली मात्र नव्हती. सुकवून बांधलेली पुडी आत्ता त्यांच्या कमरेलाच होती. द्यावी का? कळू दे की एकदा, कचरा कशाला म्हणतात ते! पण मेला विझत चाललेली उदबत्ती पुन्हा पुन्हा नळीत धरत होता.

"सर, ही माझ्याकडेच राहिली होती," असं म्हणत त्यांनी पुडी टेबलावर ठेवली.

नळी फसफसली. उदबत्ती भप्पकन पेटली. पोरांनी टाळ्या पिटल्या. सरांनी फळ्यावर समीकरण लिहिलं आणि पुडीचं नाव बाणाच्या डोक्यावर.

"सर, ती वर का?" पुन्हा क्षिप्रा.

"कारण ती ना या बाजूची, ना त्या बाजूची. काम पटकन घडवते आणि होती तशीच उरते. परत..." सर अडखळले. "परत वापरता येते."

"छान!" मोठ्या बाई उठल्या. "एकट्याने उत्तम सांभाळलंत."

"थँक्यू, बाई," सर म्हणाले.

वर्ग रिकामा झाला. मावशी बेसिनपाशी पूड गाळत होत्या. सर शेजारी येऊन उभे राहिले.

"मावशी, मी तुमचं नाव सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं." मावशींनी ओला गाळणकागद उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. "पंख्याखाली ठेवू नका, उडून जाते. उद्यापर्यंत सुकेल. बरणीत तेवढी तुम्हीच भरा. उद्या मी नाही."