शिरोरेघ

"मजकूर ओळखता आला नाही," मोबाईलमधली बाई सहाव्यांदा म्हणाली.

"ओळखता येत नाही म्हणे," वृंदाबाई पुटपुटल्या. "अख्खा पेपर घडाघडा वाचतेस, आणि ही चार ओळींची चिठ्ठी तेवढी जड जाते तुला."

टेबलावर एक छोटी वही उघडी होती. चार वर्षांपूर्वी हॉस्पिटलात नवऱ्याच्या, श्रीपादरावांच्या घशात नळी होती. बोलणं बंद, म्हणून ते या वहीत लिहून दाखवत आणि वृंदाबाई वाचून उत्तर देत. शेवटचं पान तेवढं वाचायचं राहिलं. त्या अंबरनाथला घरी आंघोळीला आल्या होत्या, तेवढ्यात श्रीपादरावांनी ते लिहिलं आणि तेवढ्यात ते गेले. पुढे कितीतरी महिने वही उघडायचा धीर झाला नाही. धीर झाला तोवर डोळे गेले. आता कडेचं थोडं दिसे, आणि जिथे बघावं तिथे नेमका धूर.

पुतण्या यज्ञेश बदलापूरहून येऊन मोबाईल वाचता करून गेला, त्याला दोन वर्षं झाली. कॅमेरा कागदावर धरला की आतली बाई वाचायला लागे. वृंदाबाईंचा हात थरथरायचा, म्हणून पेपर आणि मोबाईल दोन्ही स्वयंपाकाला येणारी चंद्री धरायची. सकाळची पोळी-भाजी आटोपली की दोघी टेबलापाशी बसत. मोबाईलबाईला मराठीतले दोन 'च' ठाऊकच नव्हते. ती चांगल्याला 'च्यांगलं' म्हणे आणि चुकीला 'च्यूक'. बत्तीस वर्षं बुवापाड्याच्या शाळेत मराठी शिकवलेल्या वृंदाबाई कपाळाला हात लावत. पण त्या रोज न चुकता तिचे आभारही मानत. पेपर परत मिळाला होता, पुस्तकं परत मिळाली होती. च्यांगलं तर च्यांगलं, म्हणायच्या त्या.

राहिली होती ही वही. श्रीपादराव कारखान्यात साहेब होते, पण लिहिताना अक्षरांवर शिरोरेघ म्हणून द्यायचे नाहीत. वृंदाबाई रागावल्या की म्हणायचे, "कपडे वाळत घालायचेत का? मग दोरी कशाला हवी?" त्या दोरीवाचून आता मोबाईल अडून बसला होता. यज्ञेशला वाचायला सांगता आलं असतं. पण नवऱ्याचा शेवटचा शब्द पुतण्याच्या तोंडून ऐकणं त्यांना नको वाटे. आणि चंद्री? ती बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, लग्न होऊन बुवापाड्यात आलेली, एकोणीस वर्षं या स्वयंपाकघरात वावरणारी. चंद्री तर अंगठाबहाद्दर.

"राहू दे," वृंदाबाई म्हणाल्या. त्यांनी मोबाईल चाचपून बंद केला आणि मांडीवर ठेवला. "वही कपाटात ठेव, चंद्री. आपल्या नशिबात नाही ते."

त्यांनी खुर्चीत मान मागे टेकली. कुकरची शिट्टी झाली. चंद्रीची पावलं काही कपाटाकडे गेली नाहीत.

"वृंदा," आवाज आला. "ज्यरा ऐक."

वृंदाबाई ताठ बसल्या. जमलं की हिला!

"घरच्या आमटीची... च्यव आठवते. सगळं च्यांगलं झालं. तुझ्यामुळे झालं."

मग त्या मोबाईलबाईने नाक ओढलं. दोन वर्षांत तिने कधी नाक ओढलं नव्हतं. वृंदाबाईंचा हात मांडीवर गेला. मोबाईल तिथेच होता, बंद आणि गार.

"चंद्री?"

"रागावू नका, बाई."

"तू वाचतेयस?"

"ती बाई वाचते तवा मोबाईलवर शब्दावरनं पिवळी पट्टी सरकते ना. तुमाला नाय दिसत. ती पुढं चालली की मी तिच्या मागनं चालायची. दोन वरसं चालतेय." चंद्रीचा आवाज खाली गेला. "पेपर जमतो आता. दादांची अक्षरं सुटी सुटी, म्हनून येळ लागला."

वृंदाबाईंमधली मास्तरीण आधी बोलली. "अगं, पण बोलताना 'चांगलं' म्हणतेस की नीट. वाचताना 'च्यांगलं' कशाला?"

"वाचायचं येगळं असंल ना, बाई? ती शिकलेली हाय. तिला म्हाईत."

वृंदाबाई हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे वाहू लागले. त्या डोळ्यांचा आता तेवढाच उपयोग उरला होता. या घरात आपल्या नाकासमोर कोणीतरी वाचायला शिकलं आणि शिकवलं ते एका यंत्राने, याची त्यांना लाज वाटली. त्याच यंत्राला हात जोडावेत, असंही वाटलं.

"अजून आहे काही?" त्यांनी विचारलं.

"दोन वळी हायत."

"वाच."

चंद्रीने बोट टेकवलं असावं, कागद करकरला. "आपली एक च्यूक राहिली. अख्ख्या बुवापाड्याला... शिकवलंस तू. आता..."

ती थांबली. पुढचा शब्द तिने मनातल्या मनात दोनदा लावून पाहिला असणार. आवाज आला तेव्हा तो मोबाईलबाईसारखा उरला नव्हता.

"चंद्रीला... वाच्यायला शिकव."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. गॅस बंद करायला कोणी उठलं नाही. मग वृंदाबाईंनी हात पुढे केला, चंद्रीचं बोट शोधलं आणि ते परत त्या ओळीवर टेकवलं.

"'चंद्री'तला च बरोबर आला," त्या म्हणाल्या. "'वाचायला'तला चुकला. चल, इथून सुरू करू."